अकरा नंबरचा बावटा
भारतीय हवामान खात्याच्या वादळ-इशारा सेवेची दीडशे वर्षांची वाटचाल

कोकणातल्या बंदरावर पावसाळ्याच्या तोंडाला "हवा कशी आहे?" असं कुणी विचारत नाही. "कितवा लागलाय?" असं विचारतात. गोष्ट बावट्याची चालली आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. "तीन नंबर" एवढं उत्तर आलं की पुढचं बोलणं होत नाही. जाळी आवरली जातात, होडी खाडीत आत ओढली जाते, आणि समुद्रात गेलेल्यांच्या घरची माणसं धक्क्यावर येऊन उभी राहतात.

बावटा म्हटलं तरी तो कापडाचा नसतो. बंदरातल्या उंच खांबावर दिवसा शंकूचे आणि पिंपासारखे आकार चढवतात, रात्री तांबडे-पांढरे दिवे लावतात. त्यांची मांडणी बदलली की अर्थ बदलतो. एक आणि दोन म्हणजे वादळ दूरच्या समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे खुद्द बंदराला सावधगिरीचा इशारा. पाच ते सात धोक्याचे आणि आठ ते दहा महाधोक्याचे. वादळ बंदराच्या डाव्या हाताने जाणार, उजव्या हाताने जाणार की थेट अंगावरून, हेसुद्धा त्या आकड्यांतून खलाशाला कळतं.

आणि मग अकरा नंबर. त्यात वादळाचा ठावठिकाणा नाही, वाऱ्याचा वेग नाही. त्याचा अर्थ इतकाच की इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि इथल्या अधिकाऱ्याला हवेचं लक्षण बरं दिसत नाही. ही पद्धत बसवणारी माणसं व्यवहारी होती. निरोपाची गरज सगळ्यात जास्त असते त्याच दिवशी तार तुटते, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

१५ जानेवारी २०२५ रोजी हवामान खात्याला दीडशे वर्षं पूर्ण झाली. मॉन्सूनचा अंदाज, शेतीचा सल्ला, विमानांची हवा अशी या खात्याची अनेक कामं आहेत. त्यांचा इतिहास या स्मरणिकेत इतरत्र आला आहे. इथे फक्त किनाऱ्यापुरतं बोलू. कारण हे खातं जन्मालाच आलं ते वादळात बुडालेल्या माणसांमुळे आणि दुष्काळात मेलेल्या माणसांमुळे.

ऐकलं नाही त्याची किंमत

'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाचे एक गृहस्थ जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून वादळांच्या वाटा आखत बसत. १८४८ साली त्यांनी खलाशांसाठी एक पुस्तक लिहिलं आणि वेटोळं घातलेल्या सापासाठीच्या ग्रीक शब्दावरून या गरगरत्या वादळांना ते नाव दिलं. पुढे १८५३ साली त्यांनी गव्हर्नर जनरलला उघड पत्र लिहिलं. सुंदरबनाच्या कडेला मातला नदीवर नवं बंदर बांधायचं घाटत होतं. तिथे बांधू नका, एक दिवस समुद्र आत येईल, असं त्यांनी कळवलं. बंदर बांधलंच गेलं. १८६७च्या वादळात समुद्र आत आला आणि पोर्ट कॅनिंग कायमचं बसलं. पिडिंग्टन तोवर हयात नव्हते.

त्याआधी तीन वर्षं, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्त्यावर वादळ आलं. हुगळीतून पाण्याची भिंत वर चढली. साठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि नांगरलेली जहाजं काठावर फेकली गेली. महिनाभरातच मछलीपट्टणची तीच गत झाली. सरकारने समिती नेमली, आणि १८६५पासून कलकत्ता बंदराला वादळाचे इशारे मिळू लागले. पाठोपाठ ओरिसाचा दुष्काळ आला. वारा आणि पाऊस यांच्या नोंदी प्रांताप्रांतात वेगवेगळ्या ठेवून भागणार नाही हे कळायला एवढी माणसं जावी लागली. १८७५ साली अखिल भारतीय खातं स्थापन झालं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले.

खातं नवं होतं, हाताशी माणसं थोडी होती. पुढच्याच वर्षी, १८७६च्या ऑक्टोबरअखेरच्या रात्री, मेघनेच्या मुखाशी बाकरगंजला समुद्र उलटला. लाखभर माणसं बुडाली, आणि मागाहून आलेल्या रोगराईत जवळपास तेवढीच गेली. या वादळाचा सविस्तर अहवाल जॉन इलियट यांनी लिहिला. पुढे तेच खात्याचे प्रमुख झाले.

वारा घरं पाडतो, पण माणसं पाणी मारतं. त्या अहवालांचं सार हेच. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असल्याने पाणी थोडं वर उचललं जातं. खरं काम वारा करतो. तो पाणी किनाऱ्याकडे रेटत आणतो. तळ उथळ असेल तर त्या पाण्याला खाली जायला जागा नसते, ते चढत जातं. बंगालचा उपसागर वरच्या टोकाला नरसाळ्यासारखा निमुळता आणि उथळ आहे, म्हणून तिथली लाट इतकी जीवघेणी. त्यात भरतीची वेळ गाठली तर विचारायलाच नको.

रत्नागिरी आणि वेंगुर्ले

पश्चिम किनाऱ्याची पाळी १८८० साली आली. मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार आणि कुमठा या बंदरांना इशारे धाडायची व्यवस्था झाली. आज वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभं राहिलं तर हे पटायला वेळ लागतो, पण त्या काळी गलबतांची आणि आगबोटींची वर्दळ याच बंदरांवर होती. १८८६पर्यंत देशातली सगळी बंदरं या जाळ्यात आली. प्रत्येक बंदराची खूण मात्र निराळी होती. मुंबईत एक अर्थ, कलकत्त्यात दुसरा. १८९८ साली सगळीकडे एकच पद्धत लागू झाली. किरकोळ फेरफार सोडले तर बंदरावरचा बावटा आजही तोच आहे. सव्वाशे वर्षांत खांब बदलले, दिवे बदलले, आकडे तेच राहिले.

मुंबईपुरती ही परंपरा खात्याहूनही जुनी. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. तिथे हवेबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी होत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं तेव्हा त्या विजेने सुया हलतील म्हणून चुंबकीय नोंदींचं काम १९०४ साली अलिबागला नेलं. अपोलो बंदरावर १८७८पासून भरती-ओहोटीची मोजणी चालू आहे. हिंदी महासागराच्या काठावर इतकी लांबलचक नोंद असलेली ठिकाणं फार थोडी. समुद्राची पातळी वाढते आहे हे आज आपण ठामपणे म्हणतो, ते कुणीतरी दीड शतकाआधी पाण्याची उंची लिहून ठेवायला सुरुवात केली म्हणून.

या नोंदवह्यांचा एक अनपेक्षित उपयोगही झाला. जून १८८२मध्ये मुंबईवर वादळ येऊन लाखभर माणसं मेली, अशी माहिती अनेक याद्यांत आणि पुस्तकांत छापलेली सापडते. अलीकडे अभ्यासकांनी तपास केला तेव्हा त्या काळच्या नोंदींत अशा वादळाचा मागमूस नव्हता. न झालेलं वादळ पुस्तकांतून पुस्तकांत फिरत राहिलं होतं. आलेलं वादळ लिहून ठेवणं जितकं मोलाचं, तितकंच "आज काही विशेष नाही" हेही लिहून ठेवणं मोलाचं.

सिमला ऑफिस

खात्याचं मुख्यालय कलकत्त्याहून शिमल्याला गेलं आणि १९२८ साली पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकरांनी तेव्हापासून 'सिमला ऑफिस' म्हणायला सुरुवात केली. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला हललं. नाव पुणेकरांनी हलू दिलं नाही. बसचा थांबा आणि चौक अजून त्याच नावाने चालतो. तिथे उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हे शिमलं वाऱ्या-पावसाच्या हिशेबातून इथे आलं आहे?

पुण्याचं महत्त्व मुख्यालय गेल्यावरही कमी झालं नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ साली, अॅना मणी इथल्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तोवर साधा वायुभारमापकही विलायतेहून यायचा. त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथेच बनवण्याचा पाया घातला. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशी त्यांची शिस्त होती. हर्णै, देवगड, वेंगुर्ले, डहाणू अशा किनाऱ्यावरच्या वेधशाळांत जे आकडे लिहिले जातात, त्यांच्यावर दिल्लीतल्या माणसाने डोळे मिटून विश्वास ठेवावा, यामागे ही शिस्त आहे.

कळलं, पण पोचलं नाही

१९७० साली विशाखापट्टणमला वादळ शोधणारं पहिलं रडार बसलं. उपग्रहांची चित्रंही येऊ लागली होती. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पूर्व पाकिस्तानातल्या भोला बेटावर आणि आसपास तीन लाखांहून अधिक माणसं गेली. वादळ येतं आहे हे दिसलं होतं, पण बेटावरच्या माणसाला काय करायचं हे कळलं नव्हतं. या धक्क्यातून १९७२ साली उपसागर आणि अरबी समुद्राभोवतालच्या देशांचं एक संयुक्त मंडळ जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने उभं राहिलं. देशोदेशींचं वैर बाजूला ठेवून वादळाची माहिती वाटून घ्यायची, असा त्याचा रिवाज पडला. १९८८पासून या सगळ्या देशांना सल्ला देणारं केंद्र म्हणून दिल्लीच्या कार्यालयाला मान्यता मिळाली.

आपल्याकडचा अनुभव मात्र तोच राहिला. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रातल्या दिवीसीमेत लाट आत शिरली आणि सरकारी हिशेबानेच दहा हजारांच्या आसपास माणसं बुडाली. ९ जून १९९८ रोजी कांडल्याला मिठागरांत काम करणारे परगावचे मजूर हजाराहून अधिक संख्येने मेले. मिठागर म्हणजे भरतीच्या पाण्यालगतची सपाट जमीन. चढायला टेकडी नाही, धरायला झाड नाही. इशारा बंदरापर्यंत आला होता. मिठागरातल्या झोपडीपर्यंत तो नेण्याचं काम कुणाचं, हे ठरलेलंच नव्हतं.

आणि मग २९ ऑक्टोबर १९९९, ओडिशा. वाऱ्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे. पाच-सहा मीटरांची लाट जगतसिंगपूर जिल्ह्यात कितीतरी आतपर्यंत घुसली. राजधानी भुवनेश्वरचाच बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. मृतांचा सरकारी आकडा दहा हजारांच्या जवळ गेला. अकरा नंबरचा बावटा त्या दिवशी एका बंदरावर नव्हे, सबंध राज्यावर चढला होता.

खात्याच्या इतिहासात या तारखेला जे स्थान आहे ते दुसऱ्या कुठल्याच तारखेला नाही. अंदाज वर्तवला आणि प्रसिद्ध केला म्हणजे आपलं काम संपलं, हा समज त्या दिवशी मोडला.

दहा लाख माणसं

वर्षअखेरीच्या आतच ओडिशाने देशातलं पहिलं राज्य आपत्ती प्राधिकरण स्थापन केलं. किनाऱ्यावर खांबांवर उभ्या निवारा-इमारती बांधल्या गेल्या. गावोगाव तरुणांची पथकं तयार झाली. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. खात्यानेही आपल्या इशाऱ्यांचे चार टप्पे केले. तीन दिवस आधी 'लक्ष ठेवा', दोन दिवस आधी 'तयारी करा', एक दिवस आधी 'हला', आणि किनाऱ्याला लागण्यापूर्वी 'आत गेल्यावर पुढे काय होईल'. हे शब्द माझे; सरकारी शब्द अर्थातच याहून लांब आहेत. २००२ साली चेन्नईला पहिलं डॉप्लर रडार आलं, आणि ढग कुठे आहे याबरोबर त्याच्या आतला वारा कसा फिरतो हेही दिसू लागलं. २००४पासून वादळांना नावं मिळू लागली. "अमुक अक्षांश, तमुक रेखांशावरील न्यून दाबाचा पट्टा" चहाच्या टपरीवर कुणी बोलत नाही. "फयान येतंय" असं मात्र बोलतात.

परीक्षा झाली १२ ऑक्टोबर २०१३ रोजी. 'फायलीन' गोपाळपूरकडे निघालं होतं. काही परदेशी संस्था याहून भयंकर वादळाचं भाकीत करत होत्या. खात्याने स्वतःचा आकडा सोडला नाही, आणि तोच बरोबर ठरला. यात नुसती अंदाजाची फुशारकी नव्हती. वाढवून सांगणंही धोक्याचंच असतं, कारण एकदा उगाच घर सोडून धावलेला माणूस पुढच्या खेपेला उठत नाही. त्या वेळी ओडिशात दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. चौदा वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर दहा हजार गेले होते. मे २०१९मध्ये 'फनी'च्या वेळी बारा लाखांवर माणसं हलली.

आपला समुद्र

या सगळ्या काळात आपण अरबी समुद्राकाठची माणसं थोडी निर्धास्त होतो. वादळं तिकडे, उपसागरात. आपल्याकडे पाऊस. ही समजूत अगदी खोटी नव्हती. अरबी समुद्र तुलनेने थंड असे आणि वरच्या थरांतले वारे वादळाचा मनोरा उभा राहू देत नसत.

११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात आलं आणि मासेमारीला गेलेल्या अनेक होड्या परतल्या नाहीत. २०१७च्या नोव्हेंबरअखेरीस कन्याकुमारीजवळ 'ओखी' पाहता पाहता बळावलं. केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार आठवडा-आठवडा खोल समुद्रात राहतात. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर संपते. त्यांच्या मागे निघालेला निरोप त्यांना गाठू शकला नाही. भरकटलेल्या कित्येक होड्या आपल्या देवगडच्या बंदरात आसऱ्याला आल्या. मल्याळी खलाशी आणि मालवणी गाववाले यांच्यात भाषा एक नव्हती, पण पेज आणि कोरडे कपडे यांना भाषा लागत नाही. त्यानंतर कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याआधीच मच्छीमारांसाठी सूचना निघू लागल्या. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राने, म्हणजे 'इन्कॉइस'ने, उपग्रहावरून संदेश पकडून होडीतल्या मोबाइलवर दाखवणारं 'जेमिनी' नावाचं छोटं यंत्र आणलं.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली चार दशकांचा हिशेब मांडला. १९८२ ते २०००च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली होती, आणि त्यांचा मुक्काम ८० टक्क्यांनी लांबला होता. कारण समुद्राच्या तापलेल्या पृष्ठभागात आहे. वादळाचं जेवण म्हणजे ऊबदार पाणी, आणि आता ते आपल्या दारातच वाढून ठेवलेलं आहे.

हा हिशेब छापून यायच्या आधी रायगडने तो भोगला होता. ३१ मे २०२० रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, दोन जूनला दुपारी चक्रीवादळ, तीन जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर. 'निसर्ग' असं हे तीन दिवसांत घडलं. करोनाची टाळेबंदी, शाळांमध्ये विलगीकरणातली माणसं, आणि त्याच शाळांत वादळासाठी हलवायची माणसं. तरीही राज्यातली जीवितहानी दहाच्या आत राहिली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या मात्र आडव्या झाल्या. नारळ-पोफळी जमिनीला टेकल्या. पोफळीचं रोप लावून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं लागतात. विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे बंद, आणि गावंच्या गावं कितीतरी दिवस अंधारात व अबोल राहिली. मुंबईतली मुलं आईवडलांना फोन लावत होती आणि पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. पुन्हा तोच अकरा नंबर.

वर्षभरात, मे २०२१मध्ये, 'तौते' कोकणपट्टीला घासून गुजरातला गेलं. आधी सांगून आलेल्या त्या वादळातही मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडून साठाहून अधिक कामगार गेले. माहिती होती. ती निर्णयात उतरायची राहिली.

सकाळचे साडेआठ

राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१५ साली सुरू झाला, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही आले. अलिबाग, रत्नागिरीत विजेच्या तारा जमिनीखाली न्यायचं काम त्यातलंच. मुंबईत वेरावलीला दुसरं डॉप्लर रडार २०२२ साली आलं. संगणक, उपग्रह, रंगीत इशारे, मोबाइलवर वाजणारा भोंगा, सगळं आलं. त्यांची यादी करायची तर ही स्मरणिका पुरणार नाही.

यादीत सहसा न येणाऱ्या माणसांबद्दल थोडं सांगून थांबतो. देशभरातल्या वेधशाळांत सकाळी साडेआठला निरीक्षक पर्जन्यमापकापाशी जातो. झाकण काढतो, साठलेलं पाणी काचेच्या मापात ओततो, माप डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचतो, वहीत लिहितो आणि कळवतो. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा वाऱ्या-दाबाच्या नोंदी. लग्न असो, सुतक असो, गणपती असोत. वादळाच्या दिवशीही हेच, फक्त तासातासाला. इतर लोक किनारा सोडून आत पळत असतात तेव्हा हा माणूस छत्री उलटी होत असताना आकडा वाचायला बाहेर पडतो. खात्याचा इतिहास बहुतांशी या माणसांनी लिहिला आहे, आणि त्यांतल्या एकाचंही नाव या लेखात नाही.

बंदरावरचा बावटा आता किती जण पाहतात कोण जाणे. तांडेलाच्या हातात मोबाइल आहे. पण खांब उतरवू नये असं वाटतं, आणि त्याचं कारण भावुक नाही. मनोरे पडतात, बॅटऱ्या संपतात, उपग्रहाकडे तोंड केलेली तबकडी वारा फिरवून टाकतो. त्या घटकेला गावात एक तरी माणूस हवा, ज्याला वरून निरोप न आल्याचाही अर्थ कळतो आणि जो शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून "चला, उठा" म्हणू शकतो. १८९८च्या नियमावलीत या माणसासाठी एक आकडा राखून ठेवला आहे.